गळासाठी दहा किलोचा कटला: खासगी तळ्यात मोठे मासे वाढवण्याची पद्धत

एक एकर पाणी ठरावीक वजनाचेच मासे पोसतं. शेणखत, थोडं पूरक खाद्य आणि गरजेला एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) अशी सोय असलेल्या तळ्यात हा आकडा आपण ५०० किलो धरू. हे ५०० किलो म्हणजे सव्वा किलोचे ४०० मासे असतील किंवा दहा किलोचे ५०. पाण्याला दोन्ही सारखेच. विक्रीसाठी मासे वाढवणारा शेतकरी पहिला पर्याय निवडतो. तो खाद्य आणि हवा वाढवून याच पाण्यातून दुपटीहून जास्त उत्पादनही काढतो, कारण किलोभराचा मासा झाला की त्याचं काम संपतं. गळाला मोठा मासा लागावा अशी इच्छा असेल तर वजन तेवढंच ठेवून संख्या वर्षागणिक कमी करत न्यावी लागते. या लेखातल्या बाकीच्या सगळ्या कामांचा उपयोग ही विरळणी नेटाने झाली तरच.

बहुतेक खासगी तळ्यांत नेमकं उलट घडतं. पहिल्याच वर्षी भरमसाट बीज, म्हणजे माशांची पिल्लं, पडतं, मग गळाला लागलेला मोठा मासा घरी जातो आणि लहान मासा "वाढू दे" म्हणून परत पाण्यात जातो. चार वर्षांनी तळ्यात उरतात ते सगळ्यांत हळू वाढणारे, डोकं मोठं आणि अंग बारीक झालेले मासे. तेव्हा त्या तळ्याला "इथं मासा वाढत नाही" असं नाव पडतं.

कोणते मासे, कोणते नकोत

कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मासे या कामाला अतिशय योग्य आहेत, आणि त्याचं मुख्य कारण त्यांच्या वाढीचा वेग नाही. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं, पुराचं पाणी लागतं. तळ्यात मादीची अंडी तयार होतात आणि पुढे शरीरातच जिरतात. म्हणजे तळ्यात किती मासे आहेत हे तुम्ही ठरवता, मासे नाही. मोठा मासा वाढवणाऱ्याला यापेक्षा मोठी सवलत दुसरी नाही.

कटला वरच्या थरात प्राणिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खातो आणि तिघांत सर्वांत झपाट्याने वाढतो. रोहू मधल्या थरात चरतो, त्याचा वेग कमी असतो पण ओढ जोरदार असते. मृगळ तळाशी कुजका पाला आणि सेंद्रिय चोथा खातो. तो मोठा होण्यासाठी कमी आणि तळ स्वच्छ राहावा म्हणून जास्त ठेवायचा. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, पाणवनस्पती आटोक्यात ठेवतो आणि स्वतःही चांगला मोठा होतो, पण त्याची संख्या एकरी १५ ते २० च्या वर नेऊ नका. वनस्पती संपल्या की तो गोळी खाद्यावर तुटून पडतो आणि कटल्या-रोहूचा वाटा खातो.

चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, या तळ्यात नको. तो गाळून खाण्यात कटल्यापेक्षा तरबेज असतो आणि दोघांचं अन्न बऱ्याच अंशी एकच असल्याने कटला मागे पडतो. सिप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, गळाला छान लागतो, पण तो तळ्यातच काठच्या गवतावर अंडी घालतो आणि बांध उकरून पाणी गढूळ करतो. दोन हंगामांत पिल्लांनी तळं भरतं. तिलापिया तर त्याहून वाईट. तो काही महिन्यांतच प्रजननाला येतो आणि सगळं अन्न बोटभर माशांत वाटलं जातं. एकदा शिरलेला तिलापिया तळं पूर्ण कोरडं केल्याशिवाय किंवा तळ्यातले सगळे मासे मारल्याशिवाय जात नाही. मरळीचा गळ खेळायचा असेल तर तिच्यासाठी वेगळं तळं करा. मोठ्या कटल्याला मरळ काही करत नाही, पण पुढच्या वर्षी भर म्हणून सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, ती फस्त करते.

तळ्याचं माप उन्हाळ्यात घ्या

तळं भरलेलं असताना काढलेलं क्षेत्रफळ या कामाला फारसं उपयोगी नाही. तळं सर्वांत कमी भरलेलं असतं त्या आठवड्यातलं पाणी मोजा, कारण मासे त्याच पाण्यात निभावून न्यायचे आहेत. कडक उन्हात बाष्पीभवनानेच दिवसाला ५ ते ८ मिलिमीटर पाणी जातं, झिरपा वेगळा. पावसाळ्यात दीड एकर दिसणारं तळं उन्हाळ्याच्या शेवटी पाऊण एकरावर आलं, तर तुमचं तळं पाऊण एकराचंच आहे. पुढचे सगळे हिशेब उन्हाळ्यात एक एकर पाणी आणि सरासरी दीड मीटर खोली उरते असं धरून केले आहेत. तुमच्या तळ्याच्या प्रमाणात ते कमी-जास्त करा.

खोली सरासरी दीड ते अडीच मीटर असावी. एका बाजूला ३ मीटरचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात माशांना आसरा मिळतो. मीटरभरापेक्षा उथळ भाग फार असेल तर तो वनस्पतींच्या ताब्यात जातो. तळ सर्वत्र ३ मीटरहून खोल असेल तर वेगळा त्रास होतो: वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि खालच्या थरातला प्राणवायू संपतो.

बांधाचा आतला उतार चिकण मातीत १:२, हलक्या मातीत १:३ ठेवा. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी लावा, नाहीतर ओढ्यातून जंगली माशांची अंडी-पिल्लं येतातच. सांडव्यावरची जाळी मात्र मोठ्या डोळ्याची आणि लांब पल्ल्याची हवी. अरुंद सांडव्यावर बारीक जाळी लावली की पहिल्या मुसळधार पावसात ती पाल्याने तुंबते, पाणी बांधावरून जातं आणि मासे त्याबरोबर जातात. चार वर्षं वाढवलेले मासे एका रात्रीत जाण्याचा हा ठरलेला मार्ग आहे. सांडव्याच्या रुंदीच्या तिप्पट लांबीचा जाळीचा अर्धगोल आतल्या बाजूने उभा केला तर पाला अडूनही पाणी वाहत राहतं.

जुनं तळं असेल तर आधी रिकामं करा

पाणी सोडता येत असेल तर सोडा आणि तळाला भेगा पडेपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, उन्हात वाळू द्या. गाळ २० सेंटीमीटरपेक्षा जास्त साठला असेल तर वरचा थर काढून बांधाबाहेर टाका. जाड गाळ रात्री प्राणवायू खातो आणि ढवळला गेला की विषारी वायू सोडतो.

पाणी काढताच येत नसेल तर नको असलेले मासे मारण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला, मोहाची पेंड. एक एकर क्षेत्र आणि एक मीटर पाणी यासाठी १,००० किलो. पेंड रात्रभर भिजवून सकाळी उन्हात पूर्ण पाण्यावर सारखी पसरा. काही तासांत मासे वर येतात, ते जाळ्याने काढून घ्या. पेंडीचा विषारीपणा उतरायला १५ ते २० दिवस लागतात, त्यानंतर तीच पेंड खताचं काम करते. बीज तीन आठवड्यांनीच सोडा.

दुसरा, ब्लीचिंग पावडर. तेवढ्याच पाण्याला एकटी वापरली तर १४० किलो, किंवा आदल्या दिवशी ४० किलो युरिया टाकून दुसऱ्या दिवशी ७० किलो ब्लीचिंग पावडर. असर ७-८ दिवसांत उतरतो. युरिया आणि ब्लीचिंग पावडर एका भांड्यात कधीही मिसळू नका, घातक वायू तयार होतो. पावडर पसरताना तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि वारा पाठीमागून असावा. जुनी, ओल लागलेली पावडर निम्मंही काम करत नाही, म्हणून बंद पिशवीतलीच घ्या.

दोन्ही पद्धतींनंतर बीज सोडण्याआधी एक परीक्षा करा: तळ्यात बारीक जाळीचा पिंजरा बुडवून त्यात १० बोटुकली २४ तास ठेवा. सगळी जिवंत राहिली तरच पुढे जा.

चुना आणि खत

चुना किती टाकायचा हे मातीच्या सामूवर (pH) ठरतं. सामू ५ ते ६.५ असेल तर एकरी ४०० किलो, ६.५ ते ७.५ असेल तर २०० किलो, ७.५ ते ८.५ असेल तर ८० किलो. त्याहून जास्त सामू असेल तर चुना नकोच. शेतीचा चुना, म्हणजे दळलेला चुनखडक, सर्वांत सुरक्षित. कळीचा चुना कोरड्या तळावर चालतो, पण मासे असलेल्या पाण्यात एकदम ओतला तर सामू झटक्यात चढतो आणि मासे मरतात. पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी) लीटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असावी. ती २० च्या खाली असेल तर कितीही खत घाला, पाणी हिरवं होत नाही.

चुन्यानंतर आठवड्याने पहिलं शेणखत: एकरी ८०० किलो. पुढे महिन्याला ४०० किलो, दोन हप्त्यांत. जोडीला महिन्याला १० ते १२ किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाण्यात विरघळवून शिंपडा. गोणीतून थेट फेकलं तर ते तळाच्या चिखलात जाऊन तिथेच अडकतं. चुना आणि फॉस्फेट एकाच दिवशी टाकू नका.

खत चालू ठेवायचं की थांबवायचं हे कॅलेंडर बघून नाही, पाणी बघून ठरवा. २० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी घ्या, तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवा, मध्ये वजन आणि खुणा केलेली दोरी बांधा. दुपारी ऊन असताना ती सोडत जा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. २५ ते ४० सेंटीमीटर असेल तर पाणी छान आहे. ६० च्या पुढे गेली तर अन्न कमी आहे आणि ऊन तळापर्यंत पोहोचून पाणवनस्पती वाढणार आहेत, खत द्या. २० च्या खाली आली तर खत आणि खाद्य दोन्ही ताबडतोब थांबवा. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र ही तबकडी फसवते, कारण तिला चिखल आणि प्लवंग यांतला फरक कळत नाही. अशा वेळी पांढऱ्या ग्लासात पाणी घेऊन बघा: रंग हिरवट-तपकिरी आहे की नुसता मातकट.

बीज: लहान स्वस्त, मोठं शहाणपणाचं

मत्स्यजिरे किंवा अर्धबोटुकली, म्हणजे बोटुकलीहूनही लहान पिल्लं, या तळ्यात सोडण्यात अर्थ नाही. पाणकावळे, बगळे, पाणसाप आणि बेडूक त्यातली बहुतेक संपवतात आणि मग किती उरली हे कुणालाच माहीत नसतं. संख्या माहीत नसलेल्या तळ्यात विरळणी करता येत नाही. म्हणून वर्षभराचं, वाढ रोखून ठेवलेलं १०० ग्रॅमचं बीज घ्या. दाटीत, कमी खाद्यावर ठेवलेले हे मासे मोकळ्या पाण्यात आले की मागे राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढतात, आणि त्यांतले ८५ टक्के तरी जगतात असा हिशेब धरता येतो.

बीज कुठून घेता याला फार महत्त्व आहे. कटला आणि रोहू यांचं प्रजनन एकाच टाकीत उरकणाऱ्या केंद्रांतून संकर झालेलं बीज येतं. त्याचं डोकं कटल्यापेक्षा लहान, तोंड रोहूपेक्षा मोठं असतं आणि ते शुद्ध कटल्याइतकं वाढत नाही. प्रजननासाठीचे मासे दाखवायला तयार असलेल्या केंद्राकडूनच घ्या. रोहूत निवड पद्धतीने सुधारलेलं जयंती रोहूचं बीज मिळालं तर तेच घ्या. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेलं हे वाण वेगाने वाढण्यासाठीच निवडलेलं आहे.

पहिल्या वर्षी एकरी ४०० मासे: २०० कटला, १२० रोहू, ६५ मृगळ, १५ गवत्या. गवत्या उशिरा, वनस्पती दिसू लागल्यावर सोडला तरी चालतो.

सोडण्याची रीत:

१. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा, दुपारी नाही.
२. पिशव्या न उघडता २० मिनिटं तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा.
३. पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी थोडं तळ्याचं पाणी आत घाला. दोन्ही पाण्यांच्या तापमानात ३ अंशांहून जास्त फरक असेपर्यंत घाई नको.
४. २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लीटरला २०० ते ३०० ग्रॅम, मासे जाळीत घेऊन एक-दोन मिनिटं बुडवा. एखादा कलंडायला लागला तर लगेच सगळे बाहेर काढा.
५. मग जाळी तळ्यात आडवी धरून मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. वाहतुकीचं पाणी तळ्यात ओतू नका.
६. मोजत सोडा आणि आकडा वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात काठाला मेलेले दिसतील तेवढे वजा करा.

विरळणीचं वेळापत्रक

हा आराखडा सरासरी वाढ धरून केला आहे. तुमच्या तळ्यात वजनं थोडी इकडे-तिकडे होतील, तत्त्व बदलणार नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी ३४० मासे, सरासरी १.२ किलो, म्हणजे जवळपास ४०० किलो. तळं भरत आलं. मासे मरू लागतात तो आकडा अजून लांब असतो, पण वाढ त्याच्या बऱ्याच आधी मंदावते, आणि नेमकं इथेच लोक गाफील राहतात. ओढजाळं टाकून संख्या १५० वर आणा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी १५० मासे, सरासरी ३ किलो: ४५० किलो. संख्या ८० वर आणा.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ८० मासे, सरासरी साडेपाच किलो: ४४० किलो. ५० वर आणा.

चौथ्या वर्षाच्या शेवटी ५० मासे, सरासरी साडेआठ किलो. ही सरासरी आहे. यातले निवडक कटले तेव्हा दहाच्या पुढे गेलेले असतात.

काढायचे कोणते? एकाच वयाच्या, एकाच जातीच्या माशांतले सर्वांत हलके. त्यासाठी वय ओळखता आलं पाहिजे. सोडताना त्या वर्षीच्या बीजाच्या पोटाखालच्या जोडपरांपैकी एक पर बुडाजवळून कापा: एका वर्षी डावा, पुढच्या वर्षी उजवा. पर पुन्हा उगवला तरी वाकडा उगवतो आणि ओळखू येतो. हे केलं नाही तर दोन वर्षांचा तेजीत वाढणारा मासा तुम्ही काढून टाकता आणि चार वर्षांचा खुरटलेला ठेवता, कारण दोघांचं वजन सारखंच दिसतं.

रोहूची तुलना कटल्याशी करू नका, नाहीतर दोन विरळण्यांत सगळे रोहू संपतील. मृगळ मात्र बिनदिक्कत कमी करा. तिसऱ्या वर्षानंतर एकरी ८-१० पुरतात.

खाद्य

तरंगणारं गोळी खाद्य वापरा, प्रथिनं २५ ते २८ टक्के. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड समप्रमाणात हेही चालतं, पण ते बुडतं, आणि मासे खातायत की नाही हे दिसत नाही. मोठ्या माशांच्या तळ्यात हे दिसणं खाद्याइतकंच मोलाचं आहे.

लहान माशांना दिवसाला एकूण वजनाच्या ३ टक्के: १०० ग्रॅमचे ४०० मासे म्हणजे ४० किलो, म्हणजे जवळपास सव्वा किलो खाद्य. वजन वाढेल तसं प्रमाण उतरवत एका टक्क्यावर आणा. ४५० ते ५०० किलो माशांना साडेचार ते पाच किलो. एरेटर नसताना एकरी ८ किलोच्या पुढे कधीच जाऊ नका, मासे मागत असले तरी.

रोज एकाच जागी, एकाच वेळी, सूर्य चांगला वर आल्यावर द्या. पंधरा-वीस मिनिटांत संपेल तेवढंच. उरलं तर दुसऱ्या दिवशी चौथा भाग कमी करा. पाणी १८ अंशांच्या खाली गेलं की खाद्य जवळजवळ बंद. ढगाळ, कोंदट दिवशी निम्मं. अचानक मासे वर येईनासे झाले तर खाद्याची पिशवी बाजूला ठेवून आधी पाणी तपासा.

प्राणवायू: मोठे मासे आधी जातात

प्राणवायू लीटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा. ३ च्या खाली मासा खाणं सोडतो, १ च्या आसपास मरतो. सर्वांत कमी पातळी पहाटे, सूर्योदयाच्या थोडं आधी असते, कारण रात्रभर मासे, प्लवंग आणि गाळ तो वापरत असतात आणि तयार कुणीच करत नसतं. दुपारी घेतलेलं माप म्हणून काहीच सांगत नाही.

अशा पहाटे लहान मासे तगतात आणि मोठे मरतात. कटला सर्वांत आधी अडचणीत येतो. म्हणजे तुमची चार वर्षांची मेहनत हीच पहिली जाते. लक्षणं ओळखून ठेवा: मासे पृष्ठभागावर तोंड उघडून फिरतात, जवळ गेलं तरी खाली जात नाहीत, गोगलगायी काठाच्या काड्यांवर चढतात.

धोक्याचे दिवस ठरलेले आहेत. गडद हिरव्या पाण्यावर दोन-तीन दिवस सलग ढग. कडक उन्हाळ्यानंतरचा पहिला जोराचा थंड पाऊस, ज्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. हिरवा तवंग एकदम मरून पाणी तपकिरी होणं. वनस्पतींवर औषध मारून त्या एकाच वेळी कुजवणं.

उपाय: खाद्य आणि खत बंद, पंप लावून तळ्याचंच पाणी जोरात फवारत परत तळ्यात सोडा, विहिरीचं पाणी असेल तर तेही उंचावरून पाडत सोडा. कायमची सोय म्हणून एकरी एक अश्वशक्तीचा एरेटर मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत चालवा. तळातून हवा सोडणारा एरेटर खोल तळ्यात उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर पहिल्यांदा चालू करत असाल तर रात्रभर चालवू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, असं दुप्पट करत न्या. एकदम चालवला तर तळाचं सगळं घाण पाणी एका रात्रीत वर येतं आणि ज्यापासून वाचायचं होतं तेच घडतं.

वनस्पती, उवा आणि चोर

काठाला १० टक्के क्षेत्रात वनस्पती असल्या तर चांगलंच, बांध धुपत नाही. जलपर्णीचं मात्र एकही रोप दिसलं तरी त्याच दिवशी हाताने काढा.

मोठ्या कार्प माशांच्या तळ्यातली नेहमीची डोकेदुखी म्हणजे आर्ग्युलस, माशाच्या उवा. नखाएवढ्या, चपट्या, पारदर्शक. मासे उड्या मारतात, अंग घासतात, खवल्यांवर लाल ठिपके दिसतात. ही उवा अंडी कठीण पृष्ठभागावर घालते. म्हणून बांबूच्या चटया किंवा फळ्या ठिकठिकाणी पाण्यात लटकवा, आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा आणि परत लावा. प्रादुर्भाव मोठा असेल तर औषधाची मात्रा मत्स्यतज्ज्ञाकडूनच घ्या, कारण यातली बरीच औषधं प्राणिप्लवंगही मारतात आणि कटल्याचं अन्नच संपवतात. थंडीच्या तोंडावर अंगावर व्रण पडणारा रोग येतो. त्याआधी एकरी २० ते ४० किलो शेतीचा चुना पाण्यात कालवून शिंपडणं हा साधा आणि उपयोगी बचाव आहे. तळ्यात आधीचे मासे असताना नवीन आणलेला कोणताही मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच तळ्यात सोडा.

चोरून जाळं टाकलं जाऊ नये म्हणून तळात फांद्यांचे ढीग आणि बांबूचे खुंट रोवा. एक रुंद पट्टा मोकळा ठेवा, विरळणीचं जाळं तिथूनच ओढता येईल. हे खुंट गळ टाकायच्या जागांपासून लांब हवेत, नाहीतर मासा दोरी गुंडाळून तिथेच मरतो.

गळाचे नियम

दहा किलोचा मासा अनेकदा पकडला जावा असं वाटत असेल तर तो प्रत्येक वेळी धडधाकट परत गेला पाहिजे.

उलट काटा नसलेला किंवा पक्कडीने दाबून सपाट केलेला गळ. दोरी १५ ते २० पौंडांचा ताण सोसणारी. बारीक दोरीवर मासा तासभर दमवणं कौतुकाचं नाही, त्या थकव्याने सोडलेला मासा दुसऱ्या दिवशी तरंगताना मिळतो. गाठी नसलेलं मऊ जाळं, खाली ओली जाड गादी, ओले हात. कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. पाण्याबाहेर जास्तीत जास्त एक मिनिट. कल्ल्यात बोटं घालून किंवा जबड्याला लटकवून कधीच उचलू नका, मोठ्या माशाचं स्वतःचं वजनच त्याला इजा करतं. वजन ओल्या झोळीत करा आणि झोळीचं वजन वजा करा. सोडताना सरळ धरून ठेवा, स्वतःच्या जोराने निसटेपर्यंत.

पृष्ठभागाचं पाणी ३२ अंशांच्या वर असेल तर त्या दिवशी गळ नको. एकरी एका वेळी दोन रॉड आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. त्यापेक्षा जास्त दाब आला की मासे आमिष ओळखायला लागतात. मासे जमवायला पाण्यात टाकायच्या चाऱ्यावरही मर्यादा हवी: माणशी एक किलो. तळाशी कुजणारा चारा पहाटेचा प्राणवायू खातो.

वही

दरमहा पाग, म्हणजे फेकजाळं, टाकून किंवा गळावर मिळालेल्या दहा-बारा माशांची लांबी आणि वजन लिहा. वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला १०० ने गुणा आणि लांबीच्या घनाने, सेंटीमीटरमध्ये, भागा. ६० सेंटीमीटरचा रोहू २.८ किलो भरला तर उत्तर १.३ येतं. पुढच्या वर्षी त्याच लांबीचा रोहू २.४ किलो भरला तर १.१. मासा लांब झालाय पण भरलेला नाही, म्हणजे तळ्यात तोंडं जास्त आहेत. एकाच हंगामातल्या मापांची तुलना करा, कारण अंड्यांनी भरलेली मादी आकडा फुगवते. आकडा दहा टक्क्यांनी घसरला की खाद्य वाढवण्याचा मोह टाळा आणि आणखी मासे काढा.

तिसऱ्या वर्षाच्या विरळणीनंतर दरवर्षी ३० ते ४० नवीन मासे भर म्हणून सोडा, पर कापून. आता तळ्यात मोठे मासे फिरत असल्याने बीज २०० ग्रॅमच्या खाली नको. त्यांचं वजन त्याच ५०० किलोंत बसवायचं आहे, म्हणून सोडण्याआधी जुन्यांतले वर्षभरात न वाढलेले आणि आकडा घसरलेले मासे काढा, ते कितीही मोठे असले तरी.